ज्या शनिवारी जाऊ नये वाटेल, त्याच शनिवारी जा

प्रिय ताई,

माझं वय ४७. सरकारी कार्यालयात नोकरी करते, दिवसभर खुर्चीत. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. आईला मधुमेह होता. गेल्या महिन्यात तपासणी केली तेव्हा माझी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, "काठावर आहात. गोळी लगेच नको, आमच्याकडे वजनाचा गट चालतो त्यात नाव घाला." दर शनिवारी दुपारी चारला, १६ आठवडे, पंधरा-एक माणसं, आहारतज्ज्ञ बाई चालवतात. फी ३,५०० रुपये.

मला लाज वाटते हो. भाचीच्या लग्नाआधी ७ किलो उतरवले होते, वर्षभरात ९ परत आले. लिंबूपाणी, दोनच वेळा जेवण, रात्री नुसतं सूप, सगळं करून झालं. त्यात कळलं की त्या गटात आमच्या ऑफिसातल्या मॅडमही येतात. माझा गोपनीय अहवाल त्याच लिहितात. त्यांच्यासमोर काट्यावर उभं राहायचं? आणि सगळ्यांचं उतरलं आणि माझंच नाही उतरलं तर? हे म्हणतात, "तोंडावर ताबा ठेवायला पैसे कशाला मोजायचे?" घरी स्वयंपाक सासूबाईंच्या हातचा, तेल सढळ. गुरुवार आणि संकष्टी धरते. जाऊ की नको ते स्पष्ट सांगा.

— एक वाचक (नाव-गाव छापू नये)

ताई,

जा. येत्या शनिवारीच नाव घाला. लाज जायची वाट बघत बसलात तर आणखी एक वर्ष निघून जाईल, आणि ६.१ हा आकडा थांबून राहणारा नाही. ५.७ ते ६.४ ही काठावरची पट्टी, ६.५ ला मधुमेह. तुमच्या हातात वेळ आहे, पण तो आत्ता आहे.

आधी तुमच्या यजमानांच्या वाक्याबद्दल बोलते, कारण ते एकट्या त्यांचं नाही. वजन वाढलेल्या बाईला हे कुणी ना कुणी ऐकवलेलं असतंच, आणि तिने ते मनोमन मान्यही केलेलं असतं. तुम्ही ७ किलो उतरवले होते. तोंडावर ताबा नसलेल्या माणसाला हे जमत नाही. नंतर जे झालं त्याचं कारण शरीरात आहे. वजन भराभर उतरलं की भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि 'पोट भरलं' असा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन घटतं. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना १० आठवडे अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं, त्यांचं वजन उतरलं, आणि वर्षभराने त्यांचं रक्त पुन्हा तपासलं. वर्ष उलटून गेलं तरी भुकेची संप्रेरकं मूळ जागी आलेली नव्हती. माणसांना भूकही आधीपेक्षा जास्तच लागत होती. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. लग्न पार पडलं, कौतुक झालं, आणि मग तुमचे खरे कठीण महिने सुरू झाले. सकाळ-संध्याकाळ वाढीव भूक घेऊन तुम्ही एकट्या उभ्या होतात. पुढे 'ये रे माझ्या मागल्या' झालं यात नवल ते काय? हे यजमानांना वाचून दाखवा. रागाने नको, शांतपणे.

आता गटाने खरंच काही होतं का, ते सांगते. मधुमेह टाळण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेतला. २७ केंद्रं, ३,२३४ माणसं, सगळी तुमच्यासारखी काठावरची. काहींना मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दिली, काहींना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, आणि काहींना १६ पाठांचा अभ्यासक्रम शिकवला. वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढंच त्यांचं उद्दिष्ट. २००२ मध्ये निकाल लागला. मेटफॉर्मिनने मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, राहणी बदलल्याने ५८ टक्क्यांनी. मात्र त्या प्रयोगात मार्गदर्शक एकेका माणसाला वेगळा वेळ देत असत, आणि तो खर्च दवाखान्यांना झेपण्यासारखा नव्हता. म्हणून पुढे इंडियानापोलिस शहरात तोच अभ्यासक्रम वायएमसीए या संस्थेत गटाने शिकवून पाहिला. गटातल्या लोकांचं वजन काही महिन्यांत सरासरी ६ टक्के उतरलं. थोडक्यात सल्ला घेऊन घरी गेलेल्यांचं २ टक्के. तुमच्या गटाचे १६ आठवडे बहुधा त्याच १६ पाठांवरून आलेत.

तुमच्या ७४ किलोंचे ७ टक्के म्हणजे ५ किलो आणि थोडं वर. लग्नाआधी तुम्ही याहून जास्त उतरवले होते. यंदा तेवढी घाई नाही आणि तेवढा आकडाही नको. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी भरपूर, एक किलोच्या वर नकोच.

चेन्नईतही हे करून पाहिलंय. वजन जास्त आणि साखर काठावर असलेली ५७८ माणसं घेतली, त्यातल्या साधारण निम्म्यांचे सहा महिने गटाने वर्ग घेतले आणि पुढे ज्याला गरज पडली त्याला मेटफॉर्मिनही दिलं. तीन वर्षांनी त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण उरलेल्या निम्म्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी होतं. त्याच शहरात त्याआधी झालेला, २००६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मात्र खास तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ५३१ माणसांच्या त्या अभ्यासात ज्यांनी खाणं आणि चालणं बदललं त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि त्यांचं वजन जवळपास होतं तिथेच राहिलं! 'माझंच नाही उतरलं तर?' असं तुम्ही विचारता. तरी चाललेली पावलं आणि ताटातला बदल रक्तात आपलं काम करतच असतात. काट्याला ते दिसत नाही, एवढंच.

गटात नुसतं जाऊन बसलं की सगळं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात ६० मतदान केंद्रांच्या परिसरातून १,००७ माणसं घेऊन वर्षभर असाच प्रयोग झाला. गट चालवायला त्यांच्यातलेच लोक तयार केले होते. २०१८ मध्ये निकाल आला तेव्हा दारू कमी झालेली दिसली, फळं-भाज्या वाढलेल्या दिसल्या, पण मधुमेह घटला असं ठामपणे म्हणता येईल इतका फरक पडला नव्हता. गट ही मदत आहे. घरी सोमवार ते शुक्रवार जे करायचं ते तुम्हालाच करायचंय.

आता मला तुम्हाला जे मुख्य सांगायचंय ते सांगते. गट चालवणाऱ्यांबरोबर मी काम केलंय, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पुष्कळ बैठका बघितल्या आहेत. उतरलेल्या आठवड्यात माणसाला गटाची फारशी गरज नसते, काटाच शाबासकी देतो. गरज असते ती वाढलेल्या आठवड्यात, आणि नेमकी त्याच आठवड्यात माणसं येत नाहीत. 'पाहुणे होते', 'डोकं दुखत होतं', 'पुढच्या शनिवारी दोन्हीचं मिळून बघू.' एक शनिवार बुडाला की दुसरा बुडवणं सोपं जातं, तिसऱ्याला फोन उचलावासा वाटत नाही. ज्यांचं वजन उतरत नाही ती माणसं गट सोडतात असं आपल्याला वाटतं. मी जे पाहिलंय त्यात बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. येणं आधी थांबतं, मग वजन हाताबाहेर जातं.

गणपतीनंतरचा एक शनिवार सांगते. त्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. आलेल्यांपैकी एक बाई, वजन दीड किलो वाढलेलं, मान खाली घालून म्हणाल्या, "मोदकांचं नाही हो. मोदक मी मोजून दोनच खाल्ले. उरलेल्या सारणाचं झालं." कधी खाल्लं, असं आहारतज्ज्ञांनी विचारलं. "रात्री. भांडी आवरताना, ओट्याशी उभ्या-उभ्या." समोरच्या तिघी-चौघींनी एकदम माना हलवल्या. मग शेजारच्या खुर्चीवरच्या आजी म्हणाल्या, "तू जेवतेस कधी?" सगळ्यांचं झाल्यावर, साडेदहाला. "मग भूक लागणारच की गं. सारण कशाला दोष द्यायचा? सगळ्यांबरोबर पान घे आठ वाजता." त्या बाईंनी आठवडाभर तेच केलं. सासरे रागावतील असं वाटलं होतं, ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात वजन थोडं उतरलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की गूळ-खोबऱ्याचं कोडं जेवणाच्या वेळेचं निघालं, आणि ते कुठल्या तक्त्यात सापडलं नसतं. ज्या बाईने तिशीपासून सगळ्यांच्या मागून जेवण घेतलंय तिलाच ते चटकन दिसलं. त्या दिवशी सारणवाल्या बाई घरी थांबल्या असत्या तर हे कोण सांगणार होतं?

म्हणून तुमच्याकडून मला एकच शब्द हवाय. ज्या शनिवारी पाय निघणार नाही, त्या शनिवारी नक्की जायचं. वजन करायचं नसेल तर करू नका, तसं सांगा, पण खुर्चीत जाऊन बसा.

वजन करण्याबद्दल. नीट चालणाऱ्या गटात वजन आडोशाला होतं. पडदा किंवा वेगळी खोली, एका वेळी एक माणूस, आकडा तुमच्या वहीत आणि त्यांच्या नोंदीत, बाकी कुणाला नाही. पहिल्या दिवशी विचारा: वजन कुठे करता, आकडा मोठ्याने वाचता का, कुणाचं किती उतरलं ते फळ्यावर लिहिता का? फळ्यावर लिहीत असतील, 'या आठवड्याची विजेती' वगैरे काढत असतील, तर 'मला ते नको' असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मला स्वतःला ती पद्धत मुळीच पटत नाही. दोन आठवडे टाळ्या मिळतात आणि तिसऱ्या आठवड्यात माणूस तोंड लपवतो. शिवाय एका आठवड्याच्या आकड्यात अर्थ थोडा असतो. आदल्या दिवशी लोणचं-पापड झालं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, एवढ्याने एखाद-दीड किलो इकडचं तिकडे होतं. ते पाणी असतं. चार आठवड्यांचे आकडे ओळीने बघायचे, मग काही कळतं.

मॅडमचा प्रश्न मी हलका समजत नाही. गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या बाईसमोर स्वतःच्या पोटाबद्दल बोलायचं म्हणजे सोपं नाही. पण त्या तिथे तुमच्याच कारणासाठी येतात, आणि तुम्हाला बघून त्यांच्याही पोटात गोळा येणार आहे. शनिवारच्या आधी ऑफिसात एकट्या असताना एवढंच म्हणा, "मॅडम, शनिवारच्या गटात मीही नाव घातलंय. इथे आपण तो विषय काढायचा नाही." बहुधा त्या सुटकेचा श्वास टाकतील. गटात पहिल्याच दिवशी 'इथलं इथेच' असा नियम सगळ्यांकडून वदवून घेतात का, तेही बाईंना विचारून ठेवा. घेत नसतील तर घ्यायला सांगा. आणि हे सगळं करूनही जीव गुदमरत असेल तर दुसऱ्या वाराची तुकडी मागा. वार बदलला तरी चालेल, गट सोडायचा नाही.

तुमचा गट दवाखान्यातला आहे, डॉक्टरांनी पाठवलंय, म्हणून मी बिनधास्त 'जा' म्हणाले. सगळ्याच गटांना असं म्हणणार नाही. आता गल्लोगल्ली सकाळी सहाला जमणारे वजनाचे क्लब निघालेत. तिथली माणसं प्रेमळ असतात, हाका मारून बोलावतात, आणि त्या प्रेमाची बायकांना खरोखर भूक असते. पण दर महिन्याला पावडरचा डबा घ्यावाच लागत असेल, जेवणाऐवजी शेक प्यायला सांगत असतील, पुढे 'तुम्हीही चार जणी आणा' असं म्हणत असतील, तर गट चालवणाऱ्याची कमाई तुमच्या डब्यावर आहे. तुम्ही बऱ्या होऊन घरच्या भाकरीवर परतलात तर त्याचं नुकसान होतं. अशा ठिकाणी कितीही आपुलकी मिळाली तरी जाऊ नका. चांगल्या गटात काहीच विकत घ्यावं लागत नाही. तिथे तुमच्याच डब्यातली पोळी-भाजी उघडून बघतात.

आणि आता तेल. एका आहारतज्ज्ञांची युक्ती मला फार आवडली होती. दुसऱ्या बैठकीला त्यांनी सगळ्यांना घरची फोडणीची पळी आणायला सांगितली. टेबलावर पळ्या मांडल्या, एक मापाचा चहाचा चमचा घेतला, आणि एकेकीची पळी पाण्याने मोजली. कुणाची पळी तीन चमच्यांत भरली, कुणाची आठ चमच्यांतही भरेना. सगळ्याजणी भाजीला 'एकच पळी' तेल घालत होत्या! तेलाच्या दर ग्रॅमला ९ कॅलरी, पिठाच्या साधारण ४. पोळी अर्धी करून जे साधत नाही ते पळी बदलून साधतं. आणि पोट रिकामं राहत नाही.

सासूबाईंना 'तेल कमी घाला' म्हणू नका. त्यांच्या हाताला नाव ठेवल्यासारखं होईल, आणि दोन दिवसांत घरात धुसफूस सुरू होईल. त्यापेक्षा तेलाची पिशवी फोडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहायला सुरुवात करा, नुसती नोंद म्हणून. महिन्याभरात किती पिशव्या लागल्या ते सगळ्यांनाच दिसेल. मग त्यांनाच विचारा, "आई, एवढ्याचं पाऊण करायचं तर कुठून सुरुवात करू?" ज्या हाताने पन्नास वर्षं घर जेवू घातलंय त्याला चव राखून तेल कमी कसं करायचं, हे तुम्हा-आम्हापेक्षा जास्त कळतं. पिठलं, मटकीची उसळ, वरण, कोशिंबीर, ताक हे सगळं तुमच्या कामाचंच आहे. दुपारच्या डब्यात एक वाटी उसळ आणि एक वाटी कोशिंबीर आधी, मग पोळी. एवढा क्रम बदलला तरी चार वाजता बिस्किटाच्या पुड्याकडे हात कमी जातो.

उपवास सोडा असं मी सांगणार नाही, ती तुमची श्रद्धा आहे. पण 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावाला, वर तूप आणि बटाटा. गुरुवारी खिचडीऐवजी वरीचा भात आणि दाण्याची पातळ आमटी करा, दाण्याचा कूट मुठीने न घालता चमच्याने मोजून घाला, बरोबर दही घ्या. कधी राजगिऱ्याची भाकरी, कधी उकडलेलं रताळं. संकष्टीची अडचण वेगळी. चंद्रोदय रात्री नऊच्या पुढेमागे होतो, तोवर पोटात आग पडलेली असते, आणि मग पूर्ण ताट, मोदक, वर झोप. संध्याकाळी सहाला वाटीभर दही किंवा दूध आणि एक फळ घ्या. तुमच्या घरच्या रीतीत ते बसत नसेल तर सासूबाईंना विचारून जे बसेल ते घ्या. नऊ वाजता तुम्ही वेगळ्याच जेवाल.

पत्रात वजन दिलंत, कंबर दिली नाहीत. टेप आणा आणि मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९०. तुमच्या उंची-वजनावरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३१ च्या आसपास येतो, आणि भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, परदेशात ३० पासून. हा भेद का, ते दाखवणारा एक फोटो वैद्यकात प्रसिद्ध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. २००४ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आपल्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि ती चरबी पोटाभोवती साठते. म्हणून नुसतं चालून भागत नाही. आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, असं काही करायला हवं. सत्तेचाळिशीत स्नायू आपोआप घटायला लागतात, हे आत्ताच केलेलं बरं.

जायच्या आधी डॉक्टरांकडून थायरॉइडची तपासणी राहिली असेल तर करून घ्या, गुडघे दुखत असतील तर ते सांगून ठेवा. एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण तुमच्यासारख्या पुष्कळजणी पत्रात लिहीत नाहीत म्हणून विचारते. कधी दार लावून, पोट दुखेपर्यंत खाल्लं जातं का, आणि मग उलटी काढावीशी किंवा दोन-दोन दिवस उपाशी राहावंसं वाटतं का? तसं असेल तर गटाआधी डॉक्टरांना एकटीने गाठा आणि मानसोपचाराची मदत मागा. तो वेगळा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि आठवड्याला वजन करण्याने तो बळावू शकतो. ज्या वाचकांचा मधुमेह सुरू झालाय आणि जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी डोस कमी-जास्त करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण कमी करायचं नाही. साखर एकदम खाली जाते. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल हल्ली सगळेच विचारतात. ती काहींना खरंच लागतात, त्याचा निर्णय डॉक्टर तपासून करतील. तुम्हाला त्यांनी गट सांगितलाय, तिथून सुरुवात करा.

पैशांचं म्हणाल तर ३,५०० भागिले १६, म्हणजे आठवड्याला साधारण २२० रुपये. यजमानांकडून मला परवानगी नकोय, काम हवंय. दर शनिवारी साडेतीन ते सहा घर त्यांनी सांभाळायचं, सासूबाईंचा चहा त्यांनी करायचा. रात्री जेवण झालं की वीस मिनिटं तुमच्याबरोबर चालायला यायचं. त्यांचीही कंबर त्याच टेपने मोजा.

आणि बाईंना एक प्रश्न नक्की विचारा: १६ आठवड्यांनंतर काय? इंग्लंडमध्ये १,२६७ माणसांवर हे करून पाहिलंय. काहींना नुसती पुस्तिका आणि सल्ला, काहींना १२ आठवडे गट, काहींना तोच गट वर्षभर. वर्षाच्या शेवटी पहिल्यांचं सरासरी ३.२६ किलो उतरलेलं, दुसऱ्यांचं ४.७५, तिसऱ्यांचं ६.७६. तुमच्या गटात पुढे महिन्यातून एकदा भेटायची सोय असेल तर आत्ताच त्यात नाव घाला. नसेल तर सोळाव्या शनिवारची वाट बघू नका. दहाव्या-बाराव्या आठवड्यात ज्यांच्याशी सूर जुळलाय अशा तिघी-चौघी ठरवा, महिन्याचा एक शनिवार आणि एकीचं घर पक्कं करा. काटा दवाखान्यातलाच वापरू द्या म्हणून डॉक्टरांना सांगा, बहुतेक ते हो म्हणतील.

या शनिवारी जाताना वही, औषधांची यादी, ६.१ चा कागद आणि तुमची फोडणीची पळी घेऊन जा. पळी तुमच्या बाईंनी मागितली नसली तरी न्या. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा तपासा आणि मला कळवा: नवा आकडा, कंबर, महिन्याच्या तेलाच्या पिशव्या आणि किती शनिवार चुकले ते. वजन सगळ्यात शेवटी लिहिलंत तरी चालेल.

तुमची,
ताई